चार कोरी पानं

८ फेब्रुवारी, रात्री साडेबारा

'न्यू मून' या कादंबरीची शेवटची शंभरेक पानं उरली आहेत. 'ट्वायलाइट' संपवलं तेव्हा लेकीने बजावलं होतं, "आई, दुसऱ्या भागात एडवर्ड जवळजवळ नाहीच, कंटाळू नकोस हं." मी कंटाळले नाही. एकदाही नाही. झोप त्यानेच उडाली आहे.

तो सुरुवातीलाच जातो. १३ सप्टेंबरला त्याची प्रेयसी बेला अठराची होते, तो व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारा, कायमचा सतराचाच. वाढदिवसाची भेट उघडताना कागदाने तिचं बोट कापतं, रक्ताचा थेंब येतो आणि त्याचा व्हॅम्पायर भाऊ जास्पर तिच्या अंगावर झेपावतो. तेवढ्यावर एडवर्ड ठरवून टाकतो, आपण हिच्याजवळ असणंच धोक्याचं. जंगलात नेऊन सांगतो, आम्ही निघालो. घरातले फोटोसुद्धा दिसेनासे करतो. त्यानंतर चार कोरी पानं येतात. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. पानावर महिन्याचं नाव, बाकी काही नाही.

ती चार पानं उलटायला मला बराच वेळ लागला. माझा नवराही ऑक्टोबरातच बाहेरगावी गेला.

मग उठून ही वही काढली आणि मागची पानं चाळली. ऑक्टोबर गच्च भरलेला. चकलीची भाजणी किती दळून आणली, गिझरवाला तीनदा येतो म्हणून आला नाही. नोव्हेंबरात आईंचं डोळ्याचं ऑपरेशन, कोणते थेंब किती वाजता, सगळं टिपलेलं. डिसेंबरात टाकी धुतली. जानेवारीत तिळगूळ आणि लेकीची प्रिलिम. एक पान कोरं नाही. त्याचा फोन आला, असं लिहिलंय. पैसे जमा झाले, असंही लिहिलंय. आठवण आली, असं कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

अठरा वर्षांच्या मुलीच्या छातीला भोक पडतं. ती दोन्ही हातांनी स्वतःला आवळून धरते, तुकडे होऊन सांडू नयेत म्हणून. आणि मी फराळाचे डबे भरत होते. कुणी विचारलं, "करमतं का गं?" तर "करमतंय की," म्हणत होते, आणि ते खरं होतं. माणूस इतकं आटतं? की आधीच आटलेलं होतं आणि आता घर रिकामं झाल्यावर दिसलं? हे पुस्तक २००६ साली आलं. आमचं लग्न त्याच वर्षीचं. तेव्हा हातात पडलं असतं तर... जाऊ दे.

बेलाच्या वडिलांबद्दल, चार्लीबद्दल, खरं तर निराळं लिहायला हवं. मुलगी रोज रात्री झोपेत किंचाळते. आधी तो धावत येतो, पुढे यायचा थांबतो, कारण त्याला सवय झालेली असते. आमचे बाबाही ताईच्या त्या वर्षी दाराबाहेर... नको.

सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटलं ते बेलाच्या मित्राचं, जेकबचं गॅरेज. बाहेर तो न संपणारा पाऊस आणि आत दोघं जण भंगारात निघालेल्या दोन मोटरसायकली जोडत बसलेली. कोमट सोडा, जेकबची बडबड. ती हळूहळू हसायला लागते. तिथे मी रमले. कुणी परत येऊ नये, असंच चालू राहावं, असं वाटलं. एडवर्डची बहीण अ‍ॅलिस परत आली तेव्हा मला रागच आला. आता बरं चाललं होतं ना तिचं! हे वाक्य मनात उमटलं आणि मी पुस्तक मिटलं. मार्चअखेरचं परतीचं तिकीट काढलंय नवऱ्याने.

पाणी पिऊन आले. स्वयंपाकघरात उभी असताना एक गोष्ट आठवली, ती या वहीत नाही.

मोटरसायकली बेलाला हव्या असतात त्या एडवर्डच्या आवाजासाठी. जीव धोक्यात घातला की तो तिला ऐकू येतो, रागावलेला, अगदी स्पष्ट. गिझरमधून ठिणगी उडाली त्या दिवशी मी टाचा उंचावून हात वर नेला आणि कानाशी नवऱ्याचा आवाज ऐकला, "आधी मेन बंद कर!" त्याच चिडक्या सुरात, 'मेन'वर जोर देऊन. मी हात खाली घेतला, मेन बंद केला, स्टूल ओढलं. वहीत लिहिलं ते एवढंच, की गिझर बिघडला.

याला आठवण म्हणतात का, ठाऊक नाही. बेलासारखी तर नाहीच. पण बाजारात मी अजून कडक पेरू बाजूला सारून पिकलेले घेते. मला स्वतःला कडक आवडतात. पेरूचं लेकीला सांगितलं तर ती म्हणेल... काही म्हणणार नाही, नुसती बघेल. कोऱ्या पानांच्या महिन्यांतही बेला शाळेत जात होती, घरी स्वयंपाक करत होती, तेही तिथेच लिहिलंय. मघाशी मी ते वाचूनही पुढे गेले होते.

आता अ‍ॅलिसने पिवळी गाडी पळवली आहे. इटलीतल्या व्होल्तेराच्या चौकात बाराचे ठोके पडले की एडवर्ड, बेला मेली असं समजून, मरण ओढवून घ्यायला उन्हात पाऊल टाकणार, आणि बेलाला त्याआधी पोचायचंय. तिने पोचावं. आणखी थोडं वाचते.