कळले आहे आणि कळलेलेही नाही

आज पंचवटीतील एका जुन्या वाड्यात आमच्या व्हिडिओ गेमचे चित्रीकरण झाले. यात खरे कलाकार अभिनय करतात आणि पुढे काय घडावे हे खेळणारा ठरवतो. बहिणीने पत्र लपवल्याचे भावाला कळते किंवा कळत नाही, हे दोन्ही मार्ग पुढे स्वयंपाकघरातील एकाच दृश्यात येऊन मिळतात. त्यामुळे तेथील प्रत्येक वाक्य दोन्ही अर्थांनी खरे वाटेल इतक्या संयमाने म्हणावे लागते. भावाची भूमिका करणारा नट नाशिकच्या हौशी रंगभूमीवरचा. त्याने रास्त प्रश्न विचारला, "सर, मला माहीत आहे की नाही?" मी त्याला एवढेच सांगितले, की तू सकाळपासून उपाशी आहेस. त्या थकव्याने दोन्ही शक्यता पेलल्या.

खरी कसोटी मात्र थांबण्याची असते. खेळणारा पर्याय निवडेपर्यंत तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो, म्हणून नटाने जिवंतपणे ऐकत राहून शेवटी अचूक पहिल्याच पवित्र्यात परतायचे असते. (समोरच्याचे ऐकणे नाटकवाल्यांना चांगले जमते, हे माझे जुने मत आज पक्के झाले.) २०१५ च्या 'हर स्टोरी' या व्हिडिओ गेममध्ये पोलीस चौकशीचे तुकडे खेळणारा शब्द शोधून हव्या त्या क्रमाने पाहतो, तेथे अभिनेत्रीला भावनेचा चढता आलेख हाताशी नसतो, हे आज अधिक नीट उमगले.

उद्या त्याच स्वयंपाकघरात दुसरा फाटा चित्रित करायचा आहे. दोन्ही दिवसांचे चित्रीकरण जुळावे म्हणून पेल्यातील चहाची पातळीसुद्धा छायाचित्रात टिपून ठेवली आहे.