व्हिस्की, दूध आणि करार
आज गावी दूध संकलनाच्या रांगेत ब्रिटनसोबतच्या मुक्त व्यापार कराराचा विषय निघाला. एकजण म्हणाला, "साहेबाची व्हिस्की स्वस्त होणार, आपल्याला काय?" खोटं नाही. स्कॉचवरचा आयातकर १५० टक्क्यांवरून आधी ७५ वर, मग दहा वर्षांत ४० वर येणार. पण दूध-दुभतं वगळलंय, हे मी सांगितलं तर तात्या फटकन म्हणाले, "पुढच्या करारातबी वगळतील?"

तात्यांना २०१९ आठवतंय. न्यूझीलंडची दूध पावडर येणार म्हणून ओरड झाली आणि नोव्हेंबरात भारत आरसेपच्या (आशिया-पॅसिफिक देशांच्या मोठ्या व्यापार कराराच्या) बोलण्यांतून बाहेर पडला. ओरडल्याशिवाय कुणी ऐकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. मलाही तो पटतो. स्वित्झर्लंडमध्ये इंडोनेशियासोबतचा करार मार्च २०२१ मध्ये थेट जनतेच्या मतदानाला गेला. पामतेलावरून वाद पेटला होता, जेमतेम ५१.६ टक्के मतांनी तरला. आपल्याकडे अशा कराराला संसदेची मंजुरीही लागत नाही. सही होते, मग आपण पेपरात वाचतो (आणि व्हॉट्सॲपवर भांडतो).

ब्रिटनच्या करारात कापडाला मात्र फायदा व्हावा, आपल्या कापडावरचा तिथला आयातकर जाणार आहे. इचलकरंजीच्या मित्राला फोन करून विचारलं. म्हणाला, "ऑर्डर आली की सांगतो."