बत्तिशीत छत्तिसावा दात

२०२४ च्या दिवाळीत आईने पुण्याहून पाठवलेलं कडबोळं चावताना उजवीकडची खालची दाढ कट्कन वाजली. डेंटिस्टने एक्स-रे काढला आणि खर्चाचा कागद पुढे केला: रूट कॅनाल, आत भराव, वर कॅप. शिवाय डावीकडे खाली खिंडार आहेच. तिथली दाढ दोन वर्षांपूर्वी सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा काढून आले होते. तिथे इम्प्लांट करायचं, म्हणजे हाडात खुंट रोवून त्यावर नवा दात. आणि न्यू जर्सीत आल्यापासून मी दातांचा विमा घेतलाच नव्हता. दात दणकट आहेत, पगारातून उगाच कशाला कापून घ्यायचं, असा माझा शहाणपणा.

नशिबाने नोव्हेंबर होता, ऑफिसचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षीचा विमा निवडायची मुदत, चालू होतं. डेंटिस्टने दाढेवर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि जानेवारीपर्यंत उजवीकडून चावू नका म्हणाली. डावीकडे दाढच नाही. दोन महिने वरणभात.

बाहेरून स्वतः घ्यायचे प्लॅन आधी बाद झाले, कारण मी पाहिलेल्या प्रत्येकात कॅपसारख्या मोठ्या कामाला बारा महिने थांबायची अट होती. ऑफिसच्या प्लॅनपैकी एचएमओ प्रकारचा चांगला वाटत होता: वर्षाला कमाल रकमेची मर्यादा नाही, प्रत्येक कामाचा दर ठरलेला. पण डेंटिस्ट त्यांच्याच यादीतला हवा आणि इम्प्लांट दरपत्रकातच नाही. राहिले दोन पीपीओ, म्हणजे यादीबाहेरचा डेंटिस्टही चालणारे प्लॅन.

साधा प्लॅन महिना १२ डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त १,००० देणार. मोठा ३८ डॉलर, कमाल २,०००. दोन्हींत तपासणी नि क्लीनिंग पूर्ण, फिलिंगला ८० टक्के, कॅपला ५०. माहितीपत्रक वाचून दोन्ही सख्खे भाऊ वाटतात. फरक मागच्या पानांवर होता. रूट कॅनाल मोठ्या प्लॅनमध्ये ‘बेसिक’ म्हणजे ८० टक्क्यांत, साध्यात ‘मेजर’ म्हणजे ५० टक्क्यांत. काम तेच, दाढ तीच!

मी वही काढली. नेटवर्कच्या, म्हणजे विमा कंपनीशी ठरलेल्या, दराने रूट कॅनाल ९००, भराव २०० (हाही कॅपसारखा ५० टक्क्यांत), कॅप १,०००. डिडक्टिबलचे, म्हणजे आधी आपणच भरायचे, ५० वजा करून मोठा प्लॅन १,२८० देणार, साधा १,००० वर अडकणार. फरक २८०. प्रीमियममधला फरक मात्र वर्षाला ३१२. म्हणजे इम्प्लांट धरलं नाही तर साधा प्लॅन ३२ डॉलरने स्वस्त. पण मोठ्यात इम्प्लांटला ५० टक्के होते, म्हणून मोठाच घ्यायचा असं ठरवत होते, तेवढ्यात नवऱ्याने एक ओळ दाखवली: विमा सुरू होण्याआधीच पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी काही बसवलं तर पैसे मिळणार नाहीत.

मी कंपनीला फोन लावला. अपवाद होतो का बघू, पलीकडची बाई म्हणाली, दाताचा नंबर आणि काढल्याची तारीख द्या. पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी समोर होती, मी वाचलं: छत्तीस. पलीकडे शांतता. मग अगदी मायेने, “मॅडम, माणसाला बत्तीसच दात असतात.” आपल्याकडे तोंडाचे चार भाग करून नंबर देतात, पहिला आकडा भागाचा नि दुसरा दाताचा, अमेरिकेत उजवीकडच्या वरच्या अक्कलदाढेपासून सलग १ ते ३२. आमचा ३६ म्हणजे त्यांचा १९. हे उमगायला वीस मिनिटं गेली, आणि अपवाद झाला नाहीच.

मग साधाच घ्यावा? फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी डेंटिस्टकडे विम्याचं काम बघणाऱ्या बाईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, साध्या प्लॅनमध्ये क्लीनिंगचे पैसेही त्याच १,००० मधून जातात ना? जात होते. वर्षाच्या दोन क्लीनिंग आणि तपासणी मिळून २००. मोठ्यात ते १,२८० अधिक २०० म्हणजे १,४८० देणार, साधा एकूण १,०००च. माझे ३२ डॉलर तिथेच वाहून गेले. मोठा १६८ ने पुढे. या बाईंशी मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.

इम्प्लांटसाठी एफएसएमध्ये, म्हणजे औषधपाण्याच्या खर्चासाठी ऑफिसमार्फत मिळणाऱ्या करमुक्त खात्यात, २०२५ ची कमाल रक्कम, ३,३०० डॉलर, टाकली. ती पगारातून वर्षभर कापली जाते पण १ जानेवारीपासूनच सगळी वापरता येते. आई म्हणत होती, पुण्यातच करून घे की. पण रोपण आणि वरची कॅप यांत काही महिने जातात, दोन फेऱ्यांचं विमानभाडं कोण देणार?

जानेवारीत काम सुरू करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी अंदाज मागवला. त्यातही एक खोच निघाली: मागच्या दाढांना पांढरी कॅप बसवली तरी ते धातूच्या कॅपचा दर धरणार, ८००. म्हणजे ५०० ऐवजी ४००. विम्याचे झाले १,१८०, माझे ९२०. ते एफएसएमधून गेले, उरलेल्या २,३८० मधून एप्रिलमध्ये एकोणिसाव्या जागी, म्हणजे आपल्या छत्तिसाव्या, खुंट रोवला गेला. त्यावरची कॅप पुढच्या वर्षीच्या पैशांतून. तोवर कडबोळी उजवीकडून.