दाजीपूरचे गवे, सड्याची वाट आणि जीपचे भाडे

राधानगरी अभयारण्यात जाणाऱ्यांनी गव्यांच्या आधी जीपच्या भाड्याची चौकशी करावी. अभयारण्याचे प्रवेशद्वार असलेल्या दाजीपूरला जीप ठरवताना आम्हाला सांगितलेले भाडे संपूर्ण गाडीचे होते; परत आल्यावर मात्र ते माणशी असल्याचा दावा झाला, आणि वाटाड्याचे पैसे त्यात धरलेलेच नव्हते, असेही वर ऐकावे लागले. बरीच हुज्जत घातल्यावर ठरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट रकमेवर प्रकरण मिटले. म्हणून भाडे गाडीचे की माणशी, वाटाड्या त्यात धरला आहे की नाही, कोणत्या ठिकाणापर्यंत नेणार आणि तेथे किती वेळ थांबणार, या चारही गोष्टी गाडीत बसण्यापूर्वी कागदावर लिहून घ्याव्यात. लिहून द्यायला जो कां-कूं करील, त्याची जीप घेऊ नये.

कोल्हापूर ते दाजीपूर हे सुमारे ८० किलोमीटरचे अंतर भोगावतीच्या काठाकाठाने, राधानगरीवरून सहज पार होते आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही. पुराच्या दिवसांत ज्यांच्या बातमीकडे सारे कोल्हापूर डोळे लावून बसते, ते राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे वाटेत पाहून घ्यावेत. पेट्रोल राधानगरीतच भरावे आणि घरी फोन करायचा असल्यास तोही तेथूनच करावा, कारण पुढे रेंजचा भरवसा नाही.

खरी परीक्षा अभयारण्याच्या आत सुरू होते. ठक्याच्या वाड्याकडून सावराई सड्याकडे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराकडे, जाणाऱ्या वाटेला अनेकांनी आपल्या चित्रफितींत ‘कच्चा पण चांगला रस्ता’ म्हटले आहे, ते साफ खोटे आहे. झाडीतला भाग धुळीचा असला तरी सुसह्य आहे. चढ लागला की मात्र जांभ्याचे उघडे दगड पायऱ्यांसारखे वर येतात, दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो आणि पावसाने कापलेल्या चरांत एक चाक उतरले की आतल्या माणसाचे डोके टपावर आपटते. आमची उंच जीप एका वळणावर अशी घासली की चालकाने उतरून, आडवे होऊन, तेल गळते आहे का ते पाहिले. खाजगी गाडी आत नेण्याची मुभा त्या दिवशी असली, तरी बुटकी मोटार नेणे म्हणजे चेंबर फोडून घेणे होय. कंबरेचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. एवढे हाल सोसून पोहोचल्यावर चालकाने सड्यावर आम्हाला जेमतेम चहा पिण्याइतका वेळ दिला, ही आणखी एक खोट.

आता गव्यांविषयी. १९५८ साली घोषित झालेले हे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य होय. आज ते ३५१ चौरस किलोमीटरवर पसरले असून २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या भागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास, कोयना आणि चांदोलीबरोबर याचाही समावेश झाला. असे असूनही ‘गवे हमखास दिसतात’ हे आश्वासन निव्वळ धंद्याचे आहे. जातानाच्या संपूर्ण वाटेवर आम्हाला शेण आणि खुरांचे ठसे यांपलीकडे काही दिसले नव्हते. परतताना मात्र अंजनीच्या दाट झाडीतून एक नर थेट वाटेवर येऊन उभा राहिला. काळाभोर, तेल लावल्यासारखा तुकतुकीत, पाठीवर उंच वशिंडासारखा कणा आणि गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. कानाजवळ बसलेल्या माश्या त्याने एकदा झटकल्या, आमच्याकडे पाहून नाकातून फुस्स केले आणि सावकाश पलीकडे उतरला. भाड्याचा राग तेव्हापुरता मावळला, हे नाकारता येणार नाही, आणि पुन्हा जाण्याचा बेतही तेथेच ठरला.

तरीही बजावतो, गवा गाईसारखा दिसला तरी गरीब नव्हे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. त्याला पाहून गाडीतून उतरणे, शिट्टी मारणे किंवा त्याची वाट अडवणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. हिरवाई हवी असेल तर ते उघडताच जावे. गवे हवे असतील तर एप्रिल-मे गाठावा, कारण पाणी आटले की जनावरे उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. रविवारी जाऊच नये, आरडाओरड आणि गाड्यांची रांग यांत पाखरूही दिसत नाही. वाघाच्या आशेने येणाऱ्यांनी सरळ ताडोब्याचे तिकीट काढावे.

पहाटे निघून पहिली फेरी घ्यावी आणि अंधार पडण्यापूर्वी राधानगरीच्या अलीकडे यावे. दाजीपूर परिसरात रात्री रस्त्यावर आलेला गवा त्याच्या काळ्या रंगामुळे दिव्याच्या उजेडातही फार उशिरा दिसतो. मुक्काम करायचाच असेल तर खोलीचे भाडेही त्याच कागदावर, जेवणासह की जेवणाशिवाय, हे स्पष्ट करून लिहून घ्यावे.