शिवराजपूरची मर्यादवेल

बडोद्याच्या दांडिया बाजारातून निघून द्वारकेचे दर्शन आटोपल्यावर, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेला शिवराजपूरचा किनारा पाहण्यास आम्ही गेलो. वाळू सुंदर खरीच. परंतु माझे लक्ष वेधले ते मागच्या उंचवट्यांवर पसरलेल्या मर्यादवेलीने. आपट्यासारखी दुभंगलेली तिची पाने, जांभळट फुले आणि पेऱ्यापेऱ्याशी वाळूत उतरलेली मुळे यांच्या जाळ्यात वाऱ्याने उडणारी वाळू अडते, तिचा ढीग वाढत जातो आणि वादळी लाटांचा मार पुढे तोच झेलतो. "आजी, ही दसऱ्याची पाने का?" असे विचारत नातू पाने तोडायला सरसावला, तेव्हा मी त्याचा हात धरला. पलीकडे मात्र काही उत्साही मंडळी त्याच वेलीवर सतरंजी अंथरून निवांत फाफडा खात बसली होती.