तुमच्या लिफ्टमध्ये तेरा का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा चपला काढता काढता हेच विचारतो, "बारानंतर एकदम चौदा कसं हो?" लालबागची आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्यात आम्हाला हा 'चौदावा' मजला मिळाला. चाळीत १३ नंबरची खोली होती. तिथल्या बिऱ्हाडातली तिन्ही पोरं शिकून मार्गी लागली, खोलीच्या आकड्याकडे कुणी पाहिलंही नाही. टॉवरमध्ये विक्रीचे फ्लॅट आले आणि तेरा गेला.

हा लिफ्टमधला तेरा मुळात आपला नव्हेच. येशूच्या अखेरच्या भोजनाला तेरा जण होते, त्यातल्या यहूदाने दगा दिला. त्यावरून एका टेबलाशी तेरा जण जेवायला बसू नयेत, नाहीतर त्यातला एक वर्षाच्या आत जातो, अशी समजूत युरोपात रुजली. हम्मुराबीच्या कायद्यात तेरावं कलमच नाही, हा व्हॉट्सअॅपवरचा पुरावा मात्र सोडून द्या. त्या शिळेवर कलमांना क्रमांकच घातलेले नाहीत. ते नंतरच्या अभ्यासकांनी सोयीसाठी दिले.

आपल्याकडे तेरा म्हटलं की तेरावं आठवतं, हे खरं. पण तेराव्याला घरात गोडधोड होतं, सुतक फिटलेलं असतं, इतके दिवस गप्प बसलेली माणसं जरा बोलू लागतात. मग भ्यायचंच तर बाराला भ्यायला नको का? माणूस गेल्यावर बाराव्या दिवशी बारावं, आणि बाळ आलं की बाराव्या दिवशीच बारसं. 'तुझ्या बारशाला जेवलोय' असं ऐकवणारे काका त्याच आकड्याचं दुसरं जेवणही जेवून आलेले असतात. तरी बाराव्या मजल्यावरचे फ्लॅट धडाधड विकले गेले. आमच्या 'बारा वाजले'ची भीती बिल्डरला कुणी सांगितलीच नसावी.

एकूण, घाबरतो तो कान नाहीतर डोळा. हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज चिनीत चार आणि मरण यांचे उच्चार जवळजवळ सारखे, म्हणून तिथल्या कित्येक इमारतींत ४, १४, २४ गाळतात. इटलीत सतरा वाईट. रोमन आकड्यांत लिहिलेल्या सतरातली अक्षरं जरा फिरवली की लॅटिनमध्ये 'विक्सी' होतं, म्हणजे 'मी जगलो', म्हणजेच आता नाही. आणि आपला छत्तीसचा आकडा बघा : ३ आणि ६ पाठीला पाठ लावून बसलेत. तेच ६३ लिहा, लगेच समोरासमोर. चारशेवीस तर १८६० च्या दंडसंहितेतलं कलम. १ जुलै २०२४ पासून फसवणूक नव्या न्याय संहितेच्या ३१८ मध्ये गेली, पण भामट्याला कुणी तीनशेअठरा म्हणेल तर शपथ.

अंकशास्त्रात आठ शनीचा. म्हणून माझ्या मेहुण्याने गाडीच्या नंबराची बेरीज आठ येऊ नये यासाठी आरटीओत जास्तीचे पैसे मोजले. चिनी माणसाला हे ऐकून वेड लागेल. त्यांच्याकडे आठ म्हणजे भरभराट. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन त्यांनी ८-८-२००८ ला, रात्री ८ वाजता सुरू केलं. मेहुण्याला सांगितलं, तर म्हणाला, "त्यांचा शनी वेगळा असेल."

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१५ साली इमारतींचे आकडे गाळायला बंदी केली. कारण रोकडं आहे : आग लागली तर बाहेरून मोजलेला मजला आणि आतला आकडा जुळायला हवा. मी हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोललो. सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय पार्किंगवर गेला.

नवीन कपाट आलं तेव्हाची गोष्ट. ते लिफ्टमध्ये मावेना, हमालांनी जिन्याने चढवलं. दर मजल्यामागे. मुकादमाने चौदा मजल्यांचे मागितले.

आई म्हणाली, "तेराच भरतात, मोजून ये."

"आजी, दाराबाहेर चौदा लिहिलंय ना?"

आईने चौदाचे दिले.