तुम्ही विचारलंत म्हणून: ही कळकट नाणी कशाला?

पेटी उघडली की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: सोन्याचांदीची सोडून ही कळकट, झिजकी रोमन नाणी कशाला जमवता? परवडतात म्हणून, हे तर आहेच. चौथ्या शतकातली कांस्य नाणी ढिगांनी सापडतात.

पण खरं कारण वेगळं. रोमचं सोनं-चांदी मिरी नि मलमलीपायी आपल्याकडे यायचं. भारत दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्शियस (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रारच आहे. गल्लीतला व्यवहार मात्र तांब्या-पितळेत चाले. पॉम्पेई या रोमन शहरातल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर भाव लिहिलेत: एक ‘आस’ (तांब्याचं नाणं) दिलात तर साधी दारू, दोन दिलेत तर बरी, चार दिलेत तर उंची फालेर्नियन. ही दारू पिणाऱ्याला सम्राटाने काही सांगायचं, तर ते त्याच्या मुठीतल्या चिल्लरीवरच.

आणि सांगायची हौस तरी केवढी! रोमनांपुढे जेरुसलेम पडल्यावर, इ.स. 71 मध्ये, सम्राट व्हेस्पासियनने पितळी सेस्टर्शियस पाडलं. मधोमध खजुराचं झाड, त्याखाली डोक्याला हात लावून रडत बसलेली बाई, कडेने ‘जुडिया काप्टा’, म्हणजे यहुदिया (ज्यूंचा प्रदेश) जिंकला. कारागिरी अप्रतिम, मजकूर मात्र मला सहन होत नाही.

माझं लाडकं नाणं याच्यापुढे अगदीच किरकोळ, नखाएवढं. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, 330 पासून, ते अनेक टांकसाळींतून निघालं. समोरासमोर दोन सैनिक, हातात भाले, ढाली जमिनीला टेकलेल्या, मध्ये दोन ध्वजदंड. भोवती सैन्याचा गौरव करणारी लॅटिन अक्षरं, पायाखालच्या रेघेखाली टांकसाळीची खूण. 335 च्या सुमारास नाण्याचं वजन घटवलं, साधारण अडीच ग्रॅमवरून दीडवर. तबकडी लहान झाली, तसा एक ध्वज गेला. सैनिक दोनच राहिले, आणि गौरवातलं एक अक्षरही कमी झालं नाही! सरकारी खाक्या तेव्हाही हाच.

त्यामुळे सम्राटाचं तोंड पार झिजलं असलं तरी मी आधी ध्वज मोजतो. दोन असले तर 335 च्या आधीचं, एकच असला तर नंतरचं.

आणि हो, घासून लख्ख का करत नाही, हेही विचारता. चिंच-मीठ लावलं तर हिरव्या थराबरोबर सैनिकांचे पायही निघून जातील.